पोटात बाळ असताना सिगारेट सोडायची ती एकदम, की हळूहळू?

चाचणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या आहेत आणि पर्समध्ये अर्धं पाकीट पडलेलं आहे. अशा बाईच्या मनात पहिल्या तासाभरात जे प्रश्न गर्दी करतात, त्यातला एक हमखास हा असतो: आता एकदम बंद केली तर बाळाला धक्का तर बसणार नाही? शरीराला इतक्या वर्षांची सवय, त्यात हे नाजूक दिवस, मग हळूहळू कमी करत आणलेलं बरं नाही का? हा सल्ला मैत्रिणी देतात, घरातली मोठी माणसं देतात, आणि वाईट याचं वाटतं की कधीकधी दवाखान्यातूनही मिळतो. 'दिवसाला दोन-तीन चालतील, उगाच ताण घेऊ नका.'

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. एकदम सोडली तरी बाळाला धक्का बसत नाही. निकोटिन अचानक थांबलं की आईची चिडचिड होते, झोप उडते, डोकं दुखतं, काही सुचेनासं होतं, हे सगळं खरं आहे. पण त्यामुळे गर्भपात होत नाही, कळा सुरू होत नाहीत, बाळाची वाढ खुंटत नाही. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी शेवटची विझवली तरी चालतं, आणि जमत असेल तर तेच सगळ्यात चांगलं.

मग ही भीती आली कुठून? ती अगदीच हवेतली नाही, तिचा पत्ता चुकला आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने दारू एका दिवसात तोडली तर झटके येऊ शकतात. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन अचानक थांबवल्या तर तेच होतं. अफूपासून बनलेल्या वेदनाशामकांची सवय गरोदरपणात मनाने तोडणंही धोक्याचं. तेव्हा सिगारेटच्या जोडीला यातलं काही चालू असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि त्या गोष्टी त्यांच्या देखरेखीखालीच कमी करा. सिगारेट मात्र त्या यादीत बसत नाही.

धुरात असतं काय

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सरला कारण ठरणारी आहेत. पण गर्भाच्या दृष्टीने दोन नावं लक्षात ठेवली तरी बरंच काही उलगडतं: कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटिन.

कार्बन मोनॉक्साइड हा काहीही जळताना निघणारा वायू. रक्तातलं हिमोग्लोबिन ही ऑक्सिजनची ने-आण करणारी गाडी धरली, तर हा वायू त्या गाडीत ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट बसतो आणि उतरायचं नाव घेत नाही. आईच्या रक्तात जागा अडली की वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडे जाणारा ऑक्सिजन कमी होतो. वायू पुढे बाळाच्या रक्तातही शिरतो, तिथे आईपेक्षा जास्त प्रमाणात साठतो आणि निघायलाही जास्त वेळ घेतो. बाळाला स्वतःचा असा श्वास नसतो. आईच्या रक्तातून येईल तेवढ्यावर त्याचं चालतं. म्हणून एका सिगारेटचा हिशोब आईच्या छातीपुरता राहत नाही.

निकोटिनचं काम वेगळं. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे गर्भपिशवीकडचा रक्तपुरवठा घटतो. तेही वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं. बाळाच्या मेंदूच्या आणि फुप्फुसांच्या घडणीवर त्याचा परिणाम होतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. म्हणजे निकोटिन निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. पण जळता धूर आणि नुसतं निकोटिन यांच्यात खूप अंतर आहे, आणि हे अंतर पुढे निकोटिनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) आणि च्युइंगम यांचा विषय निघेल तेव्हा कामाला येईल.

या दोघांचा एकत्रित परिणाम पहिल्यांदा आकड्यांत दाखवला तो सिम्पसन या डॉक्टरांनी. १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो भागातल्या प्रसूतींच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं की सिगारेट ओढणाऱ्या आयांची मुलं अपुऱ्या वाढीची जन्मण्याचं प्रमाण जास्त आहे. त्यानंतर जगभर झालेल्या अभ्यासांत आकडा साधारण तिथेच येऊन थांबतो: गरोदरपणभर सिगारेट ओढणाऱ्या आईचं बाळ सरासरीने सुमारे दोनशे ग्रॅम हलकं असतं. 'लहान बाळ म्हणजे सोपं बाळंतपण' असं यावर हसत म्हणणाऱ्या बाया मी ऐकल्या आहेत. ते बाळ नुसतं बारीक नसतं. कमी ऑक्सिजनवर भागवायचं म्हणून त्याच्या अवयवांची वाढच आखडलेली असते. बाळंतपण त्याने सोपं होत नाही, उलट अवघड होण्याची कारणं वाढतात: गर्भनलिकेत गर्भ राहणं, गर्भपात, वार खाली सरकलेली असणं, वार वेळेआधी सुटून रक्तस्राव होणं, दिवस भरण्याआधी प्रसूती, पोटातच बाळ जाणं. जन्मानंतरही झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका वाढलेला राहतो.

एवढं वाचून ज्या बाईने कालपर्यंत ओढली आहे तिच्या पोटात गोळा येणार, हे मला कळतं. म्हणून लगेच पुढचं.

सोडल्यावर किती लवकर फरक पडतो

आईच्या रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड चार-पाच तासांत बाहेर पडतो. एक-दोन दिवसांत तो न ओढणाऱ्या बाईच्या पातळीला येतो. बाळाला थोडा जास्त वेळ लागतो, पण तेही मागोमाग मोकळं होतं. म्हणजे सोमवारी सोडली तर बुधवारी बाळाला मिळणारा ऑक्सिजन खरोखरच जास्त असतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. काही दवाखान्यांत श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं, हातात मावेल एवढं एक यंत्र असतं. खोल श्वास भरून घ्यायचा, पंधरा सेकंद रोखून धरायचा, मग नळीत तोंड लावून सावकाश पूर्ण सोडायचा. पडद्यावर आकडा चढत जातो आणि एका जागी थांबतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी करतात आणि आकडा ४ किंवा त्याहून जास्त आला तर मदत देऊ करतात. कधीकधी आयुष्यात सिगारेटला हात न लावलेल्या बाईचाही आकडा चढलेला निघतो. मग शोध घेतला की घरात ओढणारं दुसरंच कुणी सापडतं, किंवा नीट न जळणारा गॅस हीटर. सिगारेट सोडणारीसाठी या यंत्राचं मोल आणखी वेगळं आहे. आठवडाभर जीव नकोसा झालेला असतो, पोट अजून दिसतही नसतं, आणि अशा वेळी १४ वरून २ वर आलेला आकडा ही बाळाकडून आलेली पहिली पावती वाटते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या अडीच हजारांवर बायकांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पंधराव्या आठवड्याच्या आत ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांच्यात वेळेआधी आपोआप प्रसूती होण्याचं आणि बाळ खुरटं राहण्याचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्या बायकांइतकंच निघालं. पंधरा आठवडे म्हणजे साडेतीन महिने. बहुतेक जणींना कळतं ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात, म्हणजे हातात वेळ असतो. आणि तो गेला असेल तर? बाळाचं वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं. सातव्या महिन्यात सोडली तरी त्या वाढीच्या वाट्याला पूर्ण ऑक्सिजन येतो. 'आता काय उपयोग' हे वाक्य कुठल्याच महिन्यात खरं नसतं.

कमी करणं आणि सोडणं

दहावरून चारवर आले, हे सांगताना बाईच्या आवाजात अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. पण त्या चार सिगारेटी नीट पाहा. पूर्वीची सिगारेट अर्धी ओढून बोलता बोलता विझवली जायची. आताची शेवटच्या कडेपर्यंत ओढली जाते, झुरका लांब असतो, धूर छातीत जास्त वेळ रोखला जातो. हे कुणी ठरवून करत नाही. मेंदूला ठरावीक निकोटिन हवं असतं आणि ते तो उरलेल्या चारांतून वसूल करून घेतो. त्यामुळे सिगारेटी निम्म्याहून कमी झाल्या तरी धूर तेवढा कमी होत नाही. 'लाइट' सिगारेटचीही तीच गत. तिच्या फिल्टरला बारीक छिद्रं असतात, त्यातून बाहेरची हवा मिसळून धूर सौम्य व्हावा अशी कल्पना. ओढताना तीच छिद्रं बोटांखाली किंवा ओठांखाली झाकली जातात.

तरीही एकदम जमतच नसेल तर कमी करायचं, पण तारीख ठरवून. 'कमी केली' हा मुक्काम झाला की माणूस तिथेच राहायला लागतो. पुढच्या रविवारी शून्य, अशी तारीख असेल तर कमी करणं हा रस्ता होतो.

गरोदरपणात तलफ जास्त का येते

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. निकोटिनचं विघटन यकृतात होतं आणि गरोदरपणात ते काम करणारं विकर (एन्झाइम) जोरात चालू लागतं. निकोटिन रक्तातून निघून जाण्याचा वेग सुमारे साठ टक्क्यांनी वाढतो. एरवी दोन तास पुरणारी सिगारेट आता तेवढा वेळ पुरत नाही. रक्त लवकर रिकामं होतं, तलफ लवकर येते.

म्हणजे काय, तर 'आई होणार आहे तरी हिला सुटत नाही' हा टोमणा जिला ऐकावा लागतो, तिचं शरीर त्याच वेळी तिच्यासाठी काम जास्त अवघड करून ठेवत असतं. मनाच्या कमकुवतपणाचा इथे संबंध नाही. पूर्वी एकदा सोडून पाहिली होती तेव्हा इतकं जड गेलं नव्हतं, असं वाटत असेल तर ते खरं असू शकतं.

निसर्ग एका हाताने देतोही. सुरुवातीच्या महिन्यांत अनेक जणींना सिगारेटचा वासच सहन होत नाही. पेटवली की मळमळतं. डोहाळ्यांचा हा उलटा प्रकार पदरात पडला असेल तर त्याच आठवड्यांत पाकीट, लायटर, राखेची वाटी सगळं घराबाहेर काढा. चौथ्या महिन्यात मळमळ ओसरली की वासही पुन्हा आवडू लागतो, आणि तेव्हा घरात काही नसलेलं बरं.

पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण, पहिला आठवडा जड, आणि बरीचशी लक्षणं दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. सुटी तलफ मात्र फार काळ टिकत नाही. लाट येते, चढते आणि काही मिनिटांत उतरते. घड्याळ लावून बघा. पहिल्या मिनिटाला वाटतं की हे वाढतच जाणार. तिसऱ्या मिनिटाला खोली अपुरी पडू लागते. तेव्हा उठून तोंड धुवायचं, दात घासायचे, घोट घोट पाणी प्यायचं, कुणाला तरी फोन लावायचा, पायऱ्या उतरून खाली जाऊन यायचं. काय करता याला फारसं महत्त्व नाही, फक्त हात आणि तोंड त्या पाच मिनिटांत रिकामं नको. जी सिगारेट एखाद्या कृतीला जोडलेली असते, जेवणानंतरची किंवा फोनवर बोलतानाची, तिच्यासाठी ती कृतीच थोडी बदलावी लागते. जेवून लगेच उठायचं. फोन दुसऱ्या खोलीत बसून घ्यायचा.

त्रासांमध्ये गोंधळ होतो तो इथे. सिगारेट सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं, गरोदरपणातही होतं. झोप उडणं, रडू येणं, भूक वाढणं, डोकं हलकं होणं हेही दोन्हीकडचं. त्यामुळे बद्धकोष्ठ दुप्पट जाणवलं तर घाबरू नका, पाणी आणि चालणं वाढवा, आणि औषध लागलं तर विचारून घ्या. पण काही गोष्टी सिगारेट सोडल्याच्या खात्यावर कधीच टाकायच्या नाहीत: अंगावरून रक्त जाणं, पोटात सतत किंवा कळा आल्यासारखं दुखणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, तीव्र डोकेदुखीसोबत डोळ्यांसमोर अंधारी येणं. यातलं काही झालं तर त्याच क्षणी दवाखाना. 'सवय सोडली म्हणून होत असेल' असं म्हणून रात्र काढायची नाही. मन फारच खचलं, दोन आठवडे झाले तरी उभारी येत नाही, आणि पूर्वी नैराश्याचा इतिहास असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

कॉफीचा एक चकवा

सोडून चार दिवस झाले. छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री दोनला डोळे टक्क उघडे. बाईला वाटतं निकोटिनसाठी जीव चालला आहे. खरा दोषी अनेकदा कॉफीच्या मगात असतो.

धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिन भराभर जाळत असतं. धूर थांबला की तो वेग काही दिवसांत खाली येतो, आणि तेवढ्याच कॉफीने रक्तातलं कॅफिन दुप्पट होऊ शकतं. त्यात गरोदरपणाची भर: या काळात कॅफिनचा निचरा तसाही मंदावतो आणि शेवटच्या महिन्यांत खूपच मंदावतो. म्हणजे एकाच वेळी दोन ब्रेक लागतात. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहावं, असा सल्ला एरवीही दिला जातो. ते साधारण दोन मग इन्स्टंट कॉफीत भरतं. सिगारेट सोडणारीने त्याच्याही खाली राहावं, निदान पहिले दोन आठवडे, आणि दुपारनंतर घेऊच नये, असं माझं मत.

हाच नियम काही औषधांना लागू होतो. मानसिक आजारांवरची ओलान्झापिन आणि क्लोझापिन, दम्यासाठीचं थिओफिलिन यांची रक्तातली पातळी सिगारेट सोडल्यावर वाढते. मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल तर त्याचा डोसही बदलावा लागू शकतो. यातलं काही चालू असेल तर सोडण्याआधी, किंवा सोडल्याच्या दिवशी, डॉक्टरांना कळवा. एकदम सोडणं सुरक्षित आहे का, हा प्रश्न खरा लागू पडतो तो इथे.

पॅच, च्युइंगम आणि बाकीचं

आधी आधार माणसाचा. प्रशिक्षित समुपदेशकाशी नियमित बोलणं हा गरोदरपणातला पहिला उपचार, यावर दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही तोच सर्वांना द्यावा असं म्हटलं आहे. पॅच आणि च्युइंगमबद्दल त्या सूचनांनी बाजू घेतली नाही, कारण पुरावा अपुरा वाटला. पुढे देशोदेशी वेगवेगळे निर्णय झाले. ब्रिटनमध्ये ते गरोदर बाईला मोकळेपणाने देऊ करतात. अमेरिकेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, फायदे-तोटे सांगून.

बायकांचा प्रश्न साधा असतो: निकोटिन सोडायचं म्हणता आणि निकोटिनच देता? तर वर सांगितलेलं अंतर आठवा. पॅचमध्ये धूर नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही आणि ती हजारो रसायनंही नाहीत. उरतं फक्त निकोटिन, तेही सावकाश जाणारं. झुरक्यासरशी काही सेकंदांत मेंदूला बसणारा दणका त्यात नसतो. समुपदेशनाने सुटली तर उत्तमच. नाही सुटली, तर पॅच लावलेली बाई ही सिगारेट ओढणाऱ्या बाईपेक्षा बाळासाठी नक्कीच बरी.

इंग्लंडमध्ये १०५० गरोदर बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले. निम्म्यांना निकोटिनचे पॅच दिले, निम्म्यांना दिसायला तसेच पण रिकामे. प्रसूतीपर्यंत सिगारेट सुटलेल्यांच्या संख्येत दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही. 'पॅचचा उपयोग नाही' असा त्याचा अर्थ लावण्याआधी दुसरा आकडा पाहा: खरा पॅच मिळालेल्यांपैकी महिनाभराहून जास्त काळ तो वापरणाऱ्या बाया सात टक्क्यांच्या आसपास होत्या. भीतीने, खाजेने, कंटाळ्याने बाकीच्यांनी तो काढून ठेवला. याच बायकांच्या मुलांना दोन वर्षांनी पाहिलं, तेव्हा पॅच गटातली मुलं वाढीच्या बाबतीत किंचित सरसच निघाली. बाळाचं काही बिघडेल या धास्तीवर याहून दिलासा देणारं उत्तर मला माहीत नाही.

आणि निकोटिन लवकर निघून जातं हे आठवलं की आणखी एक गोष्ट कळते. बाई भीतीपोटी सगळ्यात छोटा पॅच मागते, अर्धा दिवस लावते, दुपारी तलफेने हैराण होते आणि सिगारेट पेटवते. त्यापेक्षा पुरेसा डोस बरा. जाग आल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर सवय पक्की आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, डोस त्यावरून ठरतो. पॅच सकाळी लावायचा, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर, दंडावर किंवा कमरेवर, रोज जागा बदलून. झोपताना काढून टाकायचा, म्हणजे रात्रभर बाळाला निकोटिनपासून सुट्टी मिळते. मधूनच एखादी सिगारेट ओढली गेली तर सगळं फेकून देऊ नका. सल्ला देणाऱ्याला सांगा आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू.

च्युइंगम बहुतेक जणी चुकीचं खातात. साध्या च्युइंगमसारखं भराभर चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथे ते वाया जातं आणि वर उचकी, जळजळ, मळमळ देतं. आधीच पित्ताने हैराण असलेल्या बाईला हे नको. हळूहळू चावायचं, तिखट झणझणीत चव आली की थांबायचं, आणि गाल व हिरडीच्या मध्ये ते ठेवून द्यायचं. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावून जागा बदलायची. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा आंबट रस घ्यायचा नाही, कारण तोंडात आम्ल असलं की निकोटिन शोषलं जात नाही. मळमळ खूप असेल तर पॅच सोयीचा. ज्येष्ठमधाच्या चवीच्या गोळ्या आणि च्युइंगम गरोदरपणात टाळा, एवढं घेताना डबीवर वाचून घ्या.

सिगारेट सोडवणाऱ्या गोळ्या, व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन, एरवी चांगल्या असल्या तरी गरोदरपणात सिगारेट सोडण्यासाठी त्या घ्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. आधीपासून घेत असाल तर दिवस गेल्याचं लगेच डॉक्टरांना कळवा.

ई-सिगारेटवर तज्ज्ञांत एकमत नाही. ती जळत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही. ब्रिटनमधली आरोग्यसेवा सिगारेटपेक्षा ती खूपच बरी मानते, तर अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना गरोदरपणात तिची शिफारस करत नाही, आणि काही देशांत तिच्यावर बंदी आहे. मी स्वतः आधी पॅचकडे बोट दाखवीन, कारण त्यात किती निकोटिन आहे ते नक्की ठाऊक असतं. हुक्का, वनस्पतींच्या पानांच्या 'हर्बल' सिगारेटी हे पर्याय नव्हेतच. जळतं आहे तिथे कार्बन मोनॉक्साइड आहे. चघळायची तंबाखूही नाही. तिच्यात धूर नसला तरी कमी वजन, अकाली प्रसूती आणि मृत बाळ यांचा धोका तिच्यातही आहे.

आणखी एक उपाय ऐकायला विचित्र वाटतो: बक्षीस. ग्लासगोमध्ये सहाशेवर गरोदर बायकांपैकी निम्म्यांना नेहमीच्या मदतीच्या जोडीला खरेदीची कूपनं देऊ केली. सिगारेट खरंच सुटली आहे हे तपासूनच ती मिळायची. २०१५ साली आलेल्या निकालात कूपनवाल्या गटात २२.५ टक्के बायकांची सिगारेट सुटली होती, दुसऱ्या गटात ८.६ टक्के. लाच म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. मला त्यातून दिसतं ते असं की नऊ महिन्यांनी मिळणाऱ्या बक्षिसाची वाट पाहताना आज, या शुक्रवारी, हातात पडणारं काहीतरी लागतं. घरच्यांना हे सरकारी योजनेशिवायही जमण्यासारखं आहे.

घरातला दुसरा धूर

नवरा ओढत असेल तर बाईची सुटणं दुप्पट कठीण. धुराचा त्रास आहेच, शिवाय पाकीट हाताशी असतं. खिडकी उघडून, पंखा लावून, शेजारच्या खोलीत जाऊन ओढली तरी धूर घरभर पसरतो. बाहेर म्हणजे दाराबाहेर, दार लावून. गाडीत तर कधीच नाही. सगळ्यात सोपं, दोघांनी एकाच तारखेला सोडायची. 'मी तिच्यासाठी इतकं केलं' हे नंतर ऐकवायचं नाही, एवढी अट घालून.

बाळंतपणानंतर

नऊ महिने धीराने काढलेल्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास वर्षभरात पुन्हा सुरू करतात. बाळ बाहेर आलं, आता त्याला लागणार नाही, असं वाटतं. त्यात झोप नाही, आणि दोन मिनिटं गॅलरीत एकटीने उभं राहायला मिळावं ही ओढ. खरी गरज बऱ्याचदा त्या दोन मिनिटांची असते. ती सिगारेटीशिवाय मिळतील अशी सोय घरात आधीच ठरवून ठेवा, आणि समुपदेशकाशी बोलणं प्रसूतीबरोबर थांबवू नका.

पुन्हा सुरू झालीच, तर स्तनपान थांबवायचं नाही. दुधातून थोडं निकोटिन जातं, तरी अंगावरचं दूध बाळासाठी चांगलंच राहतं. ओढायची वेळ आलीच तर पाजण्याआधी नाही, पाजून झाल्यावर. म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत निकोटिन बरंचसं उतरलेलं असतं. ओढून आल्यावर वरचा कपडा बदलायचा, हात धुवायचे आणि मगच बाळाला घ्यायचं. आणि आई-बाबांपैकी कुणीही एक जरी ओढत असेल, घराबाहेर का होईना, तर बाळाला रात्री आपल्या पलंगावर घेऊन झोपायचं नाही. त्याचा पाळणा त्याच खोलीत, पलंगाला लागून ठेवायचा, आणि त्यात त्याला पाठीवर झोपवायचं.